पाच ठिकाणचे फोटो आणि द्वारका अक्का

द्वारका अक्काने माऊस कधी हळू दाबला नाही. ती त्याच्यावर चापट मारायची. एका चापटीने काही झालं नाही तर दुसरी, पहिलीपेक्षा जोरात. तिच्या घरच्या कॉम्प्युटरचे तीन माऊस मी बदलले. चौथा आणला तेव्हा तिने तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "हा तरी मानसासारखा ऐकीन का?"

मी बाजूच्या खुर्चीवर बसलेली असायचे. अक्काजवळ बसलं की माझे खांदे आपोआप वर जायचे, मार पडणार असल्यासारखे. तिने मला कधी बोटसुद्धा लावलं नाही, हे आधीच सांगते. पण तिला पाहिलेलं कोणीही असंच बसलं असतं.

मी तिथली नाही. माझं माहेर आजऱ्याकडे, भाताच्या मुलखात. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला तशी त्याच्यामागे यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात आले. गाव केळीच्या बागांत बुडालेलं. अक्काच्या घरामागची एक खोली आम्हाला मिळाली. पहिले सहा महिने मला तिथली बोली अर्धी कळायची नाही. अक्का मात्र पहिल्या दिवसापासून कळली, कारण ती जे बोलायची ते आधी हाताने बोलायची.

उंच बाई. हाडं रुंद. पासष्टीतही घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत यायची. तिच्या सगळ्या लुगड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. तो डाग कशानेच जात नाही. मी एकदा लिंबू चोळून पाहिलं तर म्हणाली, "राहू दे गं. धुऊन जायाचा असता तं मीबी कधीच गेली असती."

तिची एक रीत होती. ज्याला मारलं त्याला हळद तीच लावायची. गड्याला थोबाडीत दिली तर संध्याकाळी वाटीत हळद कालवून त्याच्या घरी जायची, गाल पुढे करायला लावायची, आणि लावता लावता पुन्हा शिव्या द्यायची. "मारनारानंच पाह्यलं पाह्यजे किती लागलं ते," असं तिचं म्हणणं. गावातले लोक हसायचे. अक्काची हळद लागली नाही असा गाल गावात शोधून सापडणार नाही, म्हणायचे.

माझा नवरा मला मारायचा. हे लिहायला मला आता लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. मी तोंडात पदर कोंबून मार खायचे, म्हणजे पुढच्या घरात आवाज जायला नको. एक दिवस दुपारी त्याने मला भिंतीवर आपटलं. भिंत अक्काच्या स्वयंपाकघराची होती. तिकडचा डबा फळीवरून पडला असावा. अक्का आली ती केळीला टेकू द्यायचा बांबू घेऊनच. तिने त्याला काही विचारलं नाही. पहिला गुडघ्यावर, दुसरा पाठीवर, तिसरा पुन्हा गुडघ्यावर. तो अंगणात लोळत होता आणि ती शांतपणे, खळ्यात शेंगा झोडाव्यात तशी, मारत होती. मीच शेवटी तिच्या हाताला लटकले.

"सोड," ती म्हणाली. "तुले दया येती तं तू आत जाय."

संध्याकाळी ती हळद घेऊन आली. त्याच्या गुडघ्याला लावली. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळावरच्या टेंगळालाही लावली. "हे मी नही केलं," नवऱ्याकडे बघत म्हणाली, "पन करनाऱ्यानं लावली नही." त्यानंतर त्याने हात उचलला नाही. वर्षभराने तो एका ट्रिपला सुरतकडे गेला आणि परत आलाच नाही. मी खोली सोडून जाईन असं सगळ्यांना वाटलं. जाणार कुठे? अक्का मला हाताला धरून यावलला घेऊन गेली, स्टँडजवळच्या झेरॉक्स-फोटोच्या दुकानात.

"हिले शिकव," ती मालकाला म्हणाली.

"किती शिकलीये?"

"आठवी."

"अक्का, आठवीवाली कॉम्प्युटर काय चालवणार?"

अक्काने काउंटरवर हात आपटला. काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली. मालकाने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "उद्या दहाला ये, ताई." त्या तड्यावर सेलोटेप लावून त्याच काउंटरमागे मी चार वर्षं काम केलं. फोटो कापणं, उजळवणं, छापणं, लोकांच्या फोनमधलं कार्डवर आणि कार्डवरचं पेनड्राइव्हवर. आज माझं पोट त्यावरच आहे.

अक्काला दोन मुलगे. थोरला सुरेश धुळ्याला नोकरीला, मऊ स्वभावाचा. धाकटा विनोद घरी, शेतावर. सुरेशला फोटोंचा नाद. धाकट्या नातीच्या बारशाला आईने त्याला पाकाच्या कढईजवळ उभं केलं आणि हा फोनमध्ये बघत राहिला. पाक करपला. अक्काने त्याच्या हातातून फोन घेतला आणि सरळ पाण्याच्या हौदात फेकला. पंचवीस पाहुण्यांसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर फोन तांदळाच्या डब्यात पुरलेला आणि अक्का झाकण उघडून उघडून बघत होती. चार दिवसांनी तो चालू झाला. "पाह्य," ती सुरेशला म्हणाली, "मी मारलेलं मरत नही."

हे तिचं वाक्य पुढे मला फार छळत राहिलं.

एका सकाळी अक्काची बाग कापलेली दिसली. आमच्या भागात वैर काढायचं तर घर जाळत नाहीत, माणूस मारत नाहीत. उभी केळी कापतात. दीड वर्ष पोसलेली बाग, घड कापणीला आलेले, आणि कोयत्याच्या एका घावात एक खोड. केळीच्या खोडात लाकूड नसतं, नुसतं पाणी. पाव मिनिटही लागत नाही. मी गेले तेव्हा दोन एकरांत सगळी झाडं एकाच दिशेला पडलेली होती आणि मातीत पाणी मुरत होतं. पायात चिखल झाला होता. अक्का मधे उभी होती. गाव बांधावर जमलेलं, सगळ्यांच्या हातात फोन, सगळे फोटो काढत होते.

तेव्हा तिच्या फोनवर विनोदचा मेसेज आला. एक फोटो. आमच्याच बागेत उभा असलेला रामदास, हातात कोयता. खाली लिहिलेलं, "बघ, हा होता."

रामदास शेजारच्या शेताचा. बांधावरून त्याचं आणि अक्काचं आठवड्यापूर्वीच भांडण झालं होतं. तरी कापणीला दोघं एकमेकांच्या बागेत जायची, कारण रामदाससारखा घडाला डाग न लावता कापणारा गावात दुसरा नव्हता.

अक्का कोयता घेऊन धावली. मी मागे धावले, पण मला तिच्यापर्यंत पोचता आलं नाही. रामदास गोठ्यात कडबा तोडत होता. त्याने वर पाहिलं, म्हणाला, "काय झालं, अक्का?" आणि तिने कोयता चालवला. त्याने हात आडवा घातला. उजव्या हाताची तीन बोटं कडब्यात पडली. त्याची बायको शोभा कडबा उपसत ती बोटं शोधत होती, हे मी आजही मधेच भाकरी थापताना पाहते.

त्या संध्याकाळी अक्का हळद घेऊन गेली नाही. ती स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात जाऊन बसली. तिच्यावर केस झाली, ती जामिनावर सुटली. तिनेही रामदासवर बाग कापल्याची केस केली. गावाने रामदासला वाळीत टाकल्यासारखं केलं. कोयता धरता येत नाही, लोक "बागकाप्या" म्हणतात. तो बायकोच्या माहेरी धरणगावला निघून गेला, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या गेटवर राखणीला बसायला.

दोन वर्षांनी बागेच्या केसमध्ये अक्काच्या साक्षीची तारीख लागली. वकिलांनी सांगितलं, घरातल्या सगळ्यांकडे असतील ते फोटो एका ठिकाणी आणा, तारखेने लावा. अक्काने थोरल्या नातीच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर माझ्यासमोर ओढला.

"त्या मानसाले मले आत पाहायचं हाये," ती म्हणाली. "तीन बोटांनी माहं मन भरलं नही."

फोटो पाच ठिकाणी होते. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये, सुरेशच्या लॅपटॉपवर, तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या कॅमेऱ्याच्या दोन कार्डांवर, माझ्या फोनमध्ये, आणि विनोदच्या जुन्या फोनमध्ये. त्याने नवा फोन घेतल्यावर तो नातवंडांनी कार्टून बघायला घेतला होता आणि काच फुटून पलंगाखाली पडला होता. अक्काने तो झाडूने बाहेर ओढला आणि माझ्या मांडीवर टाकला. "हाबी घे. याच्यात त्या दिवसाचे असतीन."

"त्या दिवसाचेच काढू का, अक्का?"

"सगळे. तोडून काही नको."

मी भित्री आहे, त्यामुळे कुठलंही काम आधी दोनदा कॉपी करते. पाचही ठिकाणचं सगळं मी प्रथम माझ्या एका छोट्या डिस्कवर घेतलं, मग कॉम्प्युटरवर. मग एकत्र करणं सुरू झालं. आठवडाभर रोज दुपारी दोन तास. अक्का शेजारी बसायची. एकच फोटो तीन ठिकाणाहून आला की प्रोग्रॅम ते शेजारी शेजारी मांडतो आणि कोणता ठेवायचा विचारतो. हे तिला फार आवडलं. "दोन दोन सुरेश कशाले? ज्याचं पोट कमी दिसतं तो ठेव." नवऱ्याचा फोटो आला की मात्र म्हणायची, "हे दोन्ही राहू दे." एका भाचीच्या फोटोवर तिने माऊसला अशी चापट मारली की अख्खी लग्नाची वरात गायब झाली. मला ती पुन्हा आणावी लागली.

सहाव्या दिवशी पडद्यावर दोन रामदास आले.

उजवीकडचा तिच्या फोनमधला. मेसेजमधून आलेला, बाग कापली त्या सकाळच्या तारखेचा. डावीकडचा विनोदच्या जुन्या फोनमधला. तोच रामदास, तोच कोयता, तीच मान. फक्त तो फोटो रुंद होता. त्याच्या कडेला घड लागलेली उभी झाडं होती, कापलेल्या घडांची रास होती, आणि त्या राशीजवळ पाण्याचा तांब्या पुढे करून उभी असलेली अक्का होती.

मला लगेच कळलं. दुकानात हे रोज बघते मी. मेसेजमधून आलेल्या फोटोला तो पोचल्याची तारीख लागते. काढल्याची तारीख मूळ फोटोवर असते. मूळ फोटो अकरा दिवस आधीचा होता, पहिल्या कापणीच्या दिवसाचा. कडा कापून तो त्या सकाळी पाठवला होता.

खरं सांगते, माझा हात डिलीटकडे गेला. बोट ठेवलं असतं तर सगळं आहे तसं राहिलं असतं. केस, कोर्ट, अक्काचा राग, माझी खोली.

"थांब," अक्का म्हणाली. "डाव्याची तारीख वाच."

मी वाचली.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला. तिने बोट ठेवलं ते रामदासवर नाही, स्वतःवर.

"ही मी हाये," ती म्हणाली. "मी इथंच उभी हाये ना गं."

तिने काही फोडलं नाही. मला वाटत होतं काहीतरी फोडावं.

विनोद जेवायला आला तेव्हा तिने त्याला तो फोटो दाखवला. तो आधी हसला. मग म्हणाला, चुकून गेला असेल. मग म्हणाला, "कापली मी. मंग? वाटनी मांगत व्हतो तं देत नव्हती. मले काय माहीत तू कोयता घेऊन पळशीन?"

"तुले माहीत नव्हतं?" अक्का म्हणाली. "तू माह्या पोटातून आला आन् तुले माहीत नव्हतं?"

विनोद ओसरीवरून पहार घेऊन आला. पहिला घाव पडद्यावर, दुसरा शेजारी पडलेल्या त्याच्या जुन्या फोनवर, तिसरा खालच्या खोक्यावर. नातीची वह्यापुस्तकं उडाली. अक्का मधे गेली. त्याने तिला ढकललं की पहार तिला लागली, मी सांगू शकत नाही. ती पडली आणि तिचं डावं मनगट वेगळ्याच दिशेला वळलं. विनोद खोका पत्र्यासारखा चेपेपर्यंत मारत राहिला. मग पुसल्यासारखं कोरं तोंड करून म्हणाला, "आता दाखव कोर्टात." आणि जेवायला बसला. खरंच बसला. अक्काने एका हाताने त्याला वाढलं.

माझी डिस्क माझ्या पिशवीत होती. मी ती छातीशी धरून खोलीत दार लावून बसले. दुसऱ्या दिवशी अक्का गळ्यात हात बांधून आली आणि विचारलं, "तुह्याजवळ हाये ना?" मी मान हलवली. "छाप," ती म्हणाली. "मोठा छाप."

प्रिंट घेऊन आम्ही धरणगावला गेलो. यावल ते जळगाव, जळगावहून दुसरी गाडी. रामदासच्या सासरचं घर रस्त्याला लागून, दगडी ओटा. शोभा बाहेर कापूस निवडत होती. अक्काला पाहून उठली.

"आते कसाले उनी? एक हात बाकी शे, तो लेवाले उनी का?" उरलेला हात घ्यायला आलीस का, असं ती अहिराणीत विचारत होती.

अक्काने प्रिंट ओट्यावर ठेवला. रामदास आतून आला, डाव्या हाताने उचलला, उजेडात धरला.

"हा विनोदनं काढला व्हता," तो म्हणाला. "कापनीच्या दिवशी."

"मले उशिरा दिसलं," अक्का म्हणाली. तिने पिशवीतून गोणपाटात गुंडाळलेला कोयता काढला, रामदासच्या पायाशी ठेवला आणि स्वतःचा उजवा हात ओट्याच्या दगडावर पसरला. "घे. तीन घे नही तं पाची घे. मी वरडनार नही."

कोयता शोभाने उचलला. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. तो खाली आला तेव्हा दगडाची कपची उडाली आणि अक्काच्या करंगळीपाशी पांढरी रेघ उठली. अक्काचा हात हलला नव्हता. शोभाने पुन्हा उचलला. रामदासने डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं.

"हात देनं सोपं हाये, अक्का," तो म्हणाला. "तुले मारताबी येतं, मारून घेताबी येतं. तुही बोटं घेऊन मी काय करू? गावात मले बागकाप्या म्हनतात. माह्या पोरीची सोयरीक त्याच्यावर मोडली. कोर्टात उभी राह्य आन् ज्यानं कापली त्याचं नाव घे."

अक्काने हात दगडावरून काढला नाही.  शेवटी रामदासनेच शोभाच्या हातातला कोयता काढून गोणपाटात गुंडाळला आणि आमच्या पिशवीत टाकला.

परतीच्या गाडीत जळगाव दिसायला लागलं तेव्हा ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "तू घेतलं असतं नाव?"

"मी भित्री आहे, अक्का. माझ्याने झालं नसतं."

"मंग तू काय कामाची," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

विनोदला डिस्कची कुणकुण लागली. एका सकाळी माझ्या दारावर कोयत्याच्या दोन खुणा होत्या. अक्काने सुरेशला फोन केला आणि माझं सामान धुळ्याला पाठवून दिलं. सुरेशने तिथल्या एका फोटोच्या दुकानात मला लावून दिलं. तारखेच्या दिवशी मी धुळ्याहून जळगावला आले.

वकील व्हरांड्यात अक्काला दबक्या आवाजात समजावत होते. हा फोटो पुढे आला तर तुमच्यावरच्या बोटांच्या केसमध्ये तुमच्या बाजूने बोलायला काही उरत नाही, अक्का. नुसतं म्हणा, आठवत नाही. तुम्हालाही सोपं, पोरालाही सोपं. अक्का त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिचं डावं मनगट वाकडंच बसलं होतं.

मी दारात उभी राहिले. विनोद दुसऱ्या बाकावर, हाताची घडी घालून. रामदास पार मागे, खिशात हात. अक्का साक्षीच्या कठड्यात उभी राहिली आणि म्हणाली, "या मानसानं माही बाग कापली नही. मी खोटी केस केली."

"मग कोणी कापली?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

 पंखा फिरत होता. विनोद आईकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, मला शपथ घालून विचारलं तरी सांगेन, अगदी लहान पोराचं तोंड होतं. अक्काने त्याच्याकडे पाहिलं. मग उजवा हात कठड्याच्या लाकडावर आपटला, असा की लिहिणाऱ्या बाबूचा पेन उडाला, आणि नाव घेतलं. त्याचं, मग बापाचं, मग आडनाव. शाळेत हजेरी घेतात तसं.

"नातं?" साहेबांनी विचारलं.

"माह्या पोटचा."

बाहेर आल्यावर विनोद तिच्यासमोर उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजपासून तू मले मेली." अक्का म्हणाली, "बरं." तो पायऱ्या उतरून गेला. रामदास व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला शोभाबरोबर उभा होता. तो अक्काजवळ आला नाही, अक्काही गेली नाही.

मला धुळ्याची गाडी पकडायची होती. सुरेश गेटपाशी हाका मारत होता, त्याचे डोळे लाल होते, तो आत यायला तयार नव्हता. मी अक्काच्या पाया पडले. तिने डोक्यावर हात ठेवला नाही. मी गेटपर्यंत जाऊन मागे वळून पाहिलं. ती लाकडी बाकावर एकटी बसली होती आणि तिचा उजवा हात थरथरत होता, खांद्यापर्यंत. तिने तो थोडा वेळ मांडीवर धरून पाहिला, राहिना. मग ती जरा उठली, हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली.